मोटारीतील ध्वनिसंच (बाहेरून बसवलेला)

मोटारीबरोबर कारखान्यातून आलेला रेडिओ-प्लेअर आणि स्पीकर काढून त्यांच्या जागी, किंवा ते मुळात नसतील तर रिकाम्या खाचांत, बाजारातून घेतलेला संच बसवणे. बोलण्यात याला ‘सिस्टिम टाकणे’ म्हणतात. कॅसेटच्या काळातली माणसे अजून ‘टेप बसवणे’ म्हणतात. संचाचे मुख्य भाग दोन. एक, डॅशबोर्डमधला डेक, म्हणजे हेड युनिट. दुसरा, दारांतले व मागच्या ट्रेवरचे, म्हणजे मागच्या सीटमागील फळीवरचे, स्पीकर. हौस आणि खिसा यांचे जमले तर अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) यांची भर पडते. वूफरला कित्येक फिटर ‘बफर’ म्हणतात, आणि दुकानात त्या नावाने मागितला तरी बरोबर तोच हातात पडतो.

भारतात या उद्योगाला मोठे कारण आहे ते गाड्यांच्या ‘बेस मॉडेल’चे. स्वस्त मॉडेलमध्ये डेकच्या जागी प्लास्टिकचे झाकण आणि दारात नुसती स्पीकरची जाळी असते. वरचे मॉडेल घेण्यापेक्षा बाहेर सिस्टिम टाकणे स्वस्त पडते, हा हिशेब गाडी घेणारे बहुतेक जण करतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग ही त्यासाठीची ठरलेली ठिकाणे.

पूर्वेतिहास

सुरुवातीला मोटारीतले सगळेच रेडिओ बाहेरून बसवलेले होते. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले मोटोरोला. पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. हा रेडिओ बसवणे म्हणजे डॅशबोर्ड कापणे, वेगळ्या बॅटऱ्या ठेवायला जागा करणे आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर दाबत बसणे. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर एएस ५’ आला. तो आकाराने इतका मोठा की डॅशबोर्डमध्ये मावेना, म्हणून स्टिअरिंगजवळ बसवलेल्या बटणांनी तो चालवावा लागे. किंमत छोट्या मोटारीच्या सुमारे एक-तृतीयांश.

१९५६ मध्ये क्रायस्लरने मोटारीत चक्क तबकडी वाजवून पाहिली. मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या त्यासाठी काढल्या होत्या. त्या फारशा निघाल्याच नाहीत आणि सुईला रस्ता मानवला नाही. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली आणि तिने हा प्रश्न सोडवला. १९८४ मध्ये पायोनिअर व सोनीने मोटारीतले सीडी प्लेअर आणले.

यंत्रांपेक्षाही जास्त परिणाम झाला तो एका मापाचा. जर्मन डीआयएन (बोलण्यात ‘डिन’) प्रमाणाने डेकच्या खाचेचे माप १८० × ५० मिलिमीटर ठरवले, आणि पुढे आयएसओ ७७३६ ने ते जगभर मान्य केले. कोणाचाही डेक कोणाच्याही गाडीत बसू लागला तो यामुळे. जपानी गाड्यांनी खाचेची उंची दुप्पट केली. ती ‘डबल डिन’, १८० × १०० मिलिमीटर. डेक सहज बसतो म्हणजे सहज निघतोही, हे सर्वांत आधी चोरांच्या ध्यानात आले. त्यावर उपाय म्हणून सुटे होणारे दर्शनी पॅनल आले. कॅसेट आणि सीडीच्या काळात गाडी लावून उतरणारा माणूस ते पॅनल डबीत घालून खिशात टाकी, आणि निम्म्या वेळा घरी विसरून मुकाट प्रवास करी.

वॉटचे गणित

डेकच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजले की दुकानातले अर्धे बोलणे निष्प्रभ होते. इंजिन चालू असताना विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट, आणि मोटारीतल्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. १४.४ चा वर्ग २०७. त्याला ४ ने भागले की ५२. हे झाले खोक्यावरचे ५० वॉट. पण स्पीकरला जाणारी विजेची लहर सगळा वेळ वरच्या नाहीतर खालच्या टोकाला चिकटून राहिली, म्हणजे चौकोनी झाली, तरच हा हिशेब खरा ठरतो. तसा आवाज म्हणजे निव्वळ फाटलेला आवाज. स्वच्छ लहरीसाठी याच्या निम्मे, २६ वॉट, ही कागदावरची कमाल. आतल्या चिपमधली घट वजा जाता हाती येतात १५ ते २० वॉट. खऱ्या क्षमतेचा हा आकडा ‘आरएमएस’ म्हणून माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो. स्पीकरचेही तेच. ‘३०० वॉट’ लिहिलेल्या स्पीकरचे आरएमएस ४० निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर न घेता नुसत्या डेकवर स्पीकर चालवायचे असतील, तर वॉट सोडून संवेदनशीलता पाहावी. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वीज. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॉट लागतात, आणि तेवढे डेकमध्ये नसतात. महागडा, जड चुंबकाचा स्पीकर नुसत्या डेकवर कित्येकदा मरगळलेला वाटतो तो यामुळेच. मग ग्राहक आवाज वाढवत नेतो, डेक लहरींची टोके छाटू लागतो आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळतो. कमी वॉटनेही स्पीकर जळतात, हे बहुतेकांना पटत नाही.

स्पीकर आणि दार

भारतीय हॅचबॅकच्या पुढच्या दारांत बहुधा ६ किंवा ६.५ इंची स्पीकर बसतात. मागच्या ट्रेवर ६ × ९ इंची लंबगोल, म्हणजे बाजारातले ‘ओव्हल’. एकाच चौकटीत मधोमध ट्वीटर असेल तर तो कोअ‍ॅक्सिअल. ट्वीटर वेगळा काढून आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसवायचा असेल तर तो कॉम्पोनंट. त्याबरोबर उंच आणि खालचे सूर वेगळे करणारी क्रॉसओव्हरची डबी येते. उंच सूर सरळ रेषेत जातात आणि दारातला ट्वीटर पोटरीला गाणे ऐकवतो, म्हणून पुढच्या दारात कॉम्पोनंट घेणे केव्हाही चांगले. मागच्या ट्रेवर जाड ओव्हल बसवण्याची आपल्याकडची हौस मात्र उलटी आहे. गायक समोर असावा तो पाठीशी येऊन बसतो.

स्पीकरचा पडदा पुढे ढकलला की मागे पोकळी होते. पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटली की खालचे सूर जागच्या जागी मिटतात. हातात धरून वाजवलेला स्पीकर पातळ वाटतो त्याचे कारण हेच. मोटारीत ही दोन बाजूंची हवा वेगळी ठेवण्याचे काम दाराचा पत्रा करतो, आणि तो पत्रा भोकांनी भरलेला, पातळ आणि थरथरणारा असतो. पत्र्यावर ब्युटाइल रबराचे अ‍ॅल्युमिनिअम लावलेले शीट चिकटवणे, याला बाजारात ‘डॅम्पिंग’ म्हणतात. आतली मोठी भोके बंद करून स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावली की जुन्याच स्पीकरमधून नवा ठेका ऐकू येतो. पैसे मोजकेच असतील तर क्रम असा धरावा: आधी पुढचे स्पीकर, मग दारांचे डॅम्पिंग, मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि सगळ्यांत शेवटी डेक. दुकानात विक्री नेमकी याच्या उलट क्रमाने होते, कारण काउंटरवर चमकतो तो डेकचा पडदा.

दाराच्या पोटात पाऊस शिरतो, हे फिटरही विसरतात. काचेवरून ओघळलेले पाणी दारात उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. डॅम्पिंगने ती भोके बुजली तर पाणी साठून दार गंजते. दाराच्या आत लावलेला प्लास्टिकचा कागद फाडून टाकला तर पाणी पायाखालच्या गालिच्यात येते. खोल चुंबकाच्या स्पीकरला काच आपटू नये म्हणून मध्ये कडे घालतात. ते एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, असेल तर कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगून उमलते. प्लास्टिकचे कडे किंवा रंगवून बंद केलेले मरीन प्लाय टिकते. स्क्रू कसण्याआधी काच पूर्ण खालीवर करून पाहायची असते.

वायरिंग

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. काही युरोपीय गाड्यांत यानंतर मूळ रेडिओ सांकेतिक अंक मागतो, तो आधीच शोधून ठेवावा. बाजारातल्या डेकच्या वायरींचे रंग बहुतेक सगळीकडे सारखे असतात. पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावरच्या पुरवठ्याची, काळी अर्थिंगची. निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर अ‍ॅम्प्लिफायरला जागे करते. स्पीकरच्या जोड्यांत पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली ती ऋण.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशने पुसली जातात. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये (वायरींचा जुडगा एकदम जोडणाऱ्या प्लगमध्ये) या दोन जागा मुळातच उलट असतात. दोन्ही एकत्र करून कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, हा आळशी फिटरचा उपाय, तर डेक रात्रभर वीज खातो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. चार दिवस गाडी उभी राहिली की धक्का मारायची वेळ येते.

म्हणून ‘कपलर टू कपलर’ बसवून मागणे श्रेयस्कर. त्या-त्या गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारा जोडकपलर वेगळा मिळतो. त्याने एकही वायर कापावी लागत नाही आणि हमीचा वाद टळतो. वायर सोलून, पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळणे ही जुनी पद्धत; उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून पट्टी सुटते.

स्पीकरचे धन-ऋण एका बाजूला उलटे लागले तर आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. फक्त ठेका गायब होतो, कारण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरच्या धन टोकाला सेलचे धन टोक क्षणभर टेकवले की पडदा बाहेर यायला हवा.

अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर

येथे प्रश्न येतो आगीचा. ५०० वॉट आरएमएसचा ‘डी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारावर सुमारे ४५ अँपिअर ओढतो. त्याची जाड वायर थेट बॅटरीपासून येते आणि पत्र्याच्या भोकातून आत शिरते. त्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याची धार झाकणारे कडे, हवे, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. हा फ्यूज वायरीसाठी असतो, अ‍ॅम्प्लिफायरसाठी नव्हे: पत्र्याने वायर सोलली गेली तर संबंध बॅटरी तिच्यातून वाहू पाहते. किटमधल्या स्वस्त वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या असतात. अ‍ॅल्युमिनिअम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेते, तेव्हा त्या एक-दोन माप जाड घ्याव्या लागतात.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू आली तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. अर्थिंगची वायर आखूड ठेवून रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट कसावी, आणि सिग्नलची आरसीए केबल जाड वायरीच्या विरुद्ध बाजूने न्यावी. वूफर लावल्यावर दारांतल्या स्पीकरना ८० हर्ट्झखालचे सूर तोडून देतात. त्यांचे ओझे उतरते आणि गाणारा आवाज मोकळा होतो. १० इंची वूफर छोट्या गाडीला भरपूर होतो. बंद खोलीसारख्या छोट्या केबिनमध्ये सर्वांत खालचे सूर आपोआप चढतात. १२ इंचीच्या जोडीने नंबरप्लेट तेवढी वाजते.

चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा स्पीकर त्याला जवळ आणि डावा लांब. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. ३४ सेंटिमीटर अंतर म्हणजे एक मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावायची सोय चांगल्या डेकमध्ये असते. मोजपट्टी घेऊन कानापासून स्पीकरपर्यंतचे अंतर मोजून ते आकडे भरले की गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. एवढे करणारे फार थोडे.

नव्या गाड्या

नव्या गाड्यांत डेक डॅशबोर्डशी एकजीव असतो. त्याच पडद्यावर मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग्ज दिसतात, आणि स्टिअरिंगवरची बटणे कॅनबसवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या वायरींच्या जाळ्यावरून, बोलतात. अशा गाडीत डेकला हात न लावता, स्पीकरच्या वायरींतून सिग्नल उचलून त्यावर संगणकी संस्कार करणारा डीएसपी अ‍ॅम्प्लिफायर टाकतात. जुन्या गाड्यांसाठी ९ इंची अँड्रॉइड डेक आणि मॉडेलप्रमाणे प्लास्टिकची फ्रेम मिळते. त्यांची मेमरी अपुरी असली तर चावी फिरवल्यापासून पहिले गाणे लागेपर्यंत सोसायटीचे गेट मागे पडते. काचेशेजारच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाडीत ट्वीटर त्या खांबावर बसवू नये; एअरबॅग उघडताना तो तोंडावर येतो.

विमा आणि नियम

कंपनीच्या किमतीत नसलेला संच विम्यात आपोआप धरला जात नाही. पॉलिसीत ‘आयएमटी २४’ या जोडकलमाखाली त्याची किंमत नोंदवावी लागते. जुन्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये त्यासाठीचा जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के होता. बिल नसेल तर नोंद होत नाही. कापलेल्या वायरींमुळे आग लागल्याचे निघाले तर दावाही अडतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ धरली जाते. डिकी उघडून वाजवणाऱ्यांना लागू पडतो तो हा नियम.

काढलेला मूळ डेक, स्पीकर आणि रिकाम्या खाचेचे झाकण माळ्यावर जपून ठेवायची पद्धत आहे. गाडी विकताना नव्या संचाची वेगळी किंमत सहसा कोणी देत नाही, म्हणून मालक तो काढून घेतो आणि जुने परत बसवून देतो; कपलर कापलेला नसेल तर हे काम तासाभराचे असते.