पार्श्वभूमी : तिसरे मंदिर बांधायचे कोणी?

जेरुसलेमच्या टेम्पल माउंटवर, म्हणजेच मुस्लिमांच्या हरम अल-शरीफवर, तणाव वाढला की ‘तिसरे मंदिर’, म्हणजे तिथे पडलेल्या दोन ज्यू मंदिरांनंतरचे मंदिर, हे शब्द बातम्यांत झळकू लागतात. बातमी वाचून वाटते, बायबलमध्ये भाकीत आहे आणि ज्यूंना ते खरे करून दाखवायचे आहे, एवढाच मामला. प्रत्यक्षात या भाकितांचा अर्थ काय, यावर ज्यू परंपरेत दोन हजार वर्षांपासून वाद चालू आहे. त्यातला मोठा प्रवाह बांधण्यापेक्षा वाट पाहण्याच्या बाजूचा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय आजचे राजकारणही नीट कळत नाही.

बाबेलच्या नबुखद्नेस्सरने इ.स.पू. ५८६ मध्ये शलमोनाचे मंदिर पाडले. यहेज्केल हा याजक घराण्यातला संदेष्टा त्याआधीच बंदिवान होऊन बाबेलला गेला होता. मंदिर पडून चौदा वर्षे झाली तेव्हा त्याला दृष्टान्त झाला. त्याच्या ग्रंथाचे शेवटचे नऊ अध्याय त्याच दृष्टान्ताचे आहेत. पितळेसारखा दिसणारा एक पुरुष तागाची दोरी आणि मापाची काठी घेऊन दारात उभा आहे. काठी सहा हात लांब, आणि त्यातला प्रत्येक हात नेहमीच्या हातापेक्षा चार बोटे जास्त. वेशी, देवड्या, पायऱ्या असे एकेक मोजत तो पुढे जातो. शेवटी मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. ते आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत येते आणि पुढे पोहूनच पार करावी अशी नदी होते. ती मृत समुद्राला मिळते आणि त्या खाऱ्या पाण्यात मासे होतात.

पुढे इराणचा राजा कोरेश याच्या परवानगीने लोक परतले आणि हाग्गय व जखऱ्या या संदेष्ट्यांच्या आग्रहामुळे इ.स.पू. ५१५च्या सुमारास दुसरे मंदिर उभे राहिले. पाया घातला त्या दिवशी, पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे मोठ्याने रडली, असे एज्राच्या ग्रंथात आहे. या घराचे वैभव पहिल्यापेक्षा मोठे होईल, असा धीर हाग्गयने दिला होता. पण यहेज्केलची मापे जुळली नाहीत आणि नदीही वाहिली नाही. मग भाकीत खोटे ठरले का? अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी म्हणतो की ते मंदिर तेव्हाच व्हायचे होते, पण लोकांचा पश्चात्ताप पुरा पडला नाही, म्हणून तो आराखडा पुढच्या काळासाठी राहिला.

याहून अवघड पेच धर्मशास्त्राचा होता. अमावास्येनंतरच्या नवचंद्राच्या होमार्पणासाठी मोशेचे नियमशास्त्र दोन गोऱ्हे आणि सात कोकरे सांगते, तर यहेज्केल एक गोऱ्हा आणि सहा कोकरे. असे आणखीही फरक आहेत. तालमूद हा रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा संग्रह सांगतो की यामुळे हा ग्रंथ बाजूला ठेवण्याचीच वेळ आली होती. हनन्या बेन हिज्किया या विद्वानाने दिव्यासाठी तीनशे बुधले तेल मागवले, माडीवर बसून विसंगतींचा मेळ घातला आणि ग्रंथ वाचवला. तरीही एका उताऱ्यापाशी रब्बी योहानान थांबले. याचा अर्थ पुढे एलिया हा संदेष्टा परत येऊन सांगेल, असे ते म्हणाले. हा निर्वाळा मला फार प्रामाणिक वाटतो. ज्या एलियावर हे काम सोपवले, त्यालाच आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून नवस बोलतात आणि पोहे, खोबरे, गूळ घालून त्याचा मलिदा करतात. मंदिर पडल्याचा दिवस, म्हणजे आव महिन्याची नववी तिथी, त्यांच्याकडे ‘बिरड्याचा सण’ या नावाने टिकून होता.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर जाळले. नंतर चार रब्बी त्या टेकडीवर गेले, तेव्हा परमपवित्र स्थानातून, म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्याच्या जागेतून, कोल्हा बाहेर पडताना त्यांना दिसला. तिघे रडले आणि अकिवा हसले. सियोन शेतासारखी नांगरली जाईल हे भाकीत खरे झाले, म्हणजे जेरुसलेमच्या रस्त्यांत पुन्हा म्हातारेकोतारे बसतील हे जखऱ्याचे भाकीतही खरे होणार, असा त्यांचा हिशेब होता.

पुढचा वाद मंदिर कोण बांधणार याचा. राशीच्या मते तिसरे मंदिर बांधून तयार असेच स्वर्गातून उतरेल. बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस मात्र ते मशिहा, म्हणजे पुढे येणारा तारणहार राजा, बांधेल आणि तीच त्याची खूण असेल, असे लिहितात. दोघांचे मत वेगळे असले तरी परिणाम जवळपास एकच झाला. सामान्य माणसाने दगड उचलायचा नाही, प्रार्थना करायची. मैमोनिदीस आणखी एक धाडसी गोष्ट सांगतात. पशुबळी ही त्या काळच्या लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती, असे त्यांचे म्हणणे. तरी आपल्या धर्मसंहितेत बळींचे नियम त्यांनी बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवले.

एकोणिसाव्या शतकात ही घडी मोडली. अमेरिकेतल्या ज्यूंच्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाने १८८५च्या पिट्सबर्ग ठरावात बळींच्या उपासनेची आणि पॅलेस्टाईनला परतण्याची अपेक्षाच सोडली. उलट प्रशियातले रब्बी झ्वी हिर्श कालिशर यांनी १८६२च्या आपल्या ग्रंथात, उद्धार माणसांच्या प्रयत्नातून टप्प्याटप्प्याने येईल, असे मांडले आणि बळी पुन्हा सुरू करण्याचा विषयही काढला.

१९६७ च्या युद्धात टेकडी इस्रायलच्या ताब्यात आली, पण तिचा कारभार वक्फ या मुस्लिम धार्मिक संस्थेकडेच राहिला आणि मुख्य रब्बी कार्यालयाने ज्यूंना आत जाण्यास मनाई करणारी पाटी लावली. प्रेताच्या विटाळातून शुद्ध व्हायला तांबड्या कालवडीची राख लागते आणि ती आज नाही, हे त्यामागचे कारण. १९८७ मध्ये स्थापन झालेली टेम्पल इन्स्टिट्यूट मंदिराची भांडी घडवत आहे. २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडीही इस्रायलमध्ये आणल्या गेल्या. धार्मिक झायोनिस्ट, म्हणजे इस्रायल राष्ट्राला धर्मकार्य मानणाऱ्या, रब्बींपैकी अनेक जण आता विधिपूर्वक स्नान करून टेकडीच्या ठरावीक भागात जायला परवानगी देतात. हरेदी, म्हणजे कट्टर परंपरावादी, रब्बी मात्र बहुतेक सगळे अजूनही तिथे पाऊल ठेवू देत नाहीत, आणि मंदिर लवकर उभे राहो अशी प्रार्थना तेही दिवसातून तीनदा करतात.