स्वीडनने खरंच काहीच बंद केलं नव्हतं?

कोरोनाकाळात लॉकडाऊन शिथिल करावा की नाही, हा वाद निघाला की एक वाक्य हमखास यायचं, आजही येतं: "स्वीडनने काहीच बंद केलं नव्हतं, मग बाकीच्यांना काय गरज होती?" यातला पहिला भागच चुकीचा आहे.

घरात डांबणारा लॉकडाऊन तिथे लागला नाही, हे खरं. लहान मुलांच्या शाळा आणि हॉटेलंही सुरू राहिली. पण मार्च २०२० मध्येच ५० पेक्षा जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी आली, कॉलेजं ऑनलाइन गेली. बारमध्ये काउंटरपाशी उभं राहून प्यायची सोय संपली. टेबलावर बसायचं, ग्लास तिथेच येणार. १ एप्रिलपासून वृद्धाश्रमातल्या भेटी बंद. नोव्हेंबरात ५० ची मर्यादा थेट ८ वर आली, रात्री दहानंतर दारू देणंही थांबलं. जानेवारी २०२१ मध्ये तर दुकानं, जिम यांच्यावर निर्बंध घालता यावेत म्हणून खास कायदाच झाला. 'काहीच नाही' म्हणायला ही यादी जरा लांबच आहे!

शिवाय सरसकट संचारबंदी न लावण्यामागे निव्वळ धाडस नव्हतं. शांततेच्या काळात नागरिकांना असं रोखायला तिथली राज्यघटना फारसा वाव देत नाही.

निकालाचं म्हणाल, तर दोन्ही बाजू सोयीचा काळ उचलतात. २०२० मध्ये नॉर्वे, फिनलंडपेक्षा तिथे कितीतरी जास्त मृत्यू झाले, विशेषतः वृद्धाश्रमांत. खुद्द राजाने डिसेंबरात अपयशाची कबुली दिली. पण २०२० ते २०२२ मिळून अतिरिक्त मृत्यू, म्हणजे नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेले मृत्यू, मोजले, तर तोच देश युरोपात सर्वांत कमी मृत्यूंच्या गटात दिसतो.