गाडीची चकाकी ४० मायक्रॉनमध्ये असते

गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पाहिलं, तर त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. ओरखडे मात्र गोल पडलेले नसतात, ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शून जाणारे तेवढेच ओरखडे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, म्हणून जाळं भासतं. डोकं हलवलं की जाळंही सरकतं. यातले बहुतेक ओरखडे गाडी धुताना आणि पुसताना पडलेले असतात.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून हाच थर वाचवतो. पॉलिश करणं म्हणजे याच थराचा वरचा भाग घासून काढणं, आणि घासलेला थर परत येत नाही. त्यामुळे आमचं मत ठाम आहे: मेहनत धुण्यावर घ्यावी, पॉलिश क्वचितच करावं.

धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. १ ते १० अशा मोहस् मापनश्रेणीवर त्यांची कठीणता ७ आहे, आणि क्लिअर कोट म्हणजे अखेर प्लास्टिकच्या जातीचं रेझिन. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणं म्हणूनच सर्वांत घातक.

गाडी सावलीत उभी करा आणि बॉनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर पाणी झटकन सुकतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे डाग होऊन चिकटतात. आधी चाकं धुवा, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा. मग छतापासून खाली भरपूर पाणी मारा. सुटी धूळ हात लावण्यापूर्वीच निघून जायला हवी. आता १० ते १२ लिटरच्या दोन बादल्या घ्या. एकीत बाटलीवर दिलेल्या प्रमाणात कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग सरळ रेषेत, दाब न देता पुसा. साध्या पाण्यात खळबळून घ्या. मगच पुन्हा शाम्पूत बुडवा. दारांचा खालचा भाग शेवटी. मोजा जमिनीवर पडला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्या.

शाम्पूचं मोठं काम म्हणजे कण आणि रंग यांच्यात निसरडा थर ठेवणं. भांड्यांचा साबण रंगावर लावलेलं मेणही काढून नेतो. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, शिवाय तिचे न विरघळलेले कण घासतात. सुकवायला मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून अलगद ओढा. हे टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको. तंतूंवर त्याचा लेप बसतो आणि पाणी शोषलं जात नाही.

पक्ष्यांची विष्ठा दिसताच काढावी. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो, रात्री सुकलेल्या विष्ठेभोवती आकसतो आणि तिचा ठसा घेतो. त्यावर ओलं फडकं ५ मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, घासू नका.

धुतलेल्या गाडीवर बोटांना पातळ प्लास्टिकची पिशवी घालून हात फिरवा. खरखर लागली तर ब्रेकच्या लोखंडाचे किंवा डांबराचे कण रुतले आहेत. भरपूर वंगण-द्रव मारून क्ले बार, म्हणजे मऊ चिकणमातीसारखी वडी, फिरवला की ते निघतात. हे न करता पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली फिरत राहतात.

पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड असते. नखाला अडकणारा ओरखडा खोल असतो, तो काढायच्या मागे लागू नका. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन आधी ५० × ५० सेंटिमीटरवर चाचणी करा. घरी ड्युअल ॲक्शन मशीन बरं. त्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते. वाटाण्याएवढे ४ थेंब, संथ गती, आडवे-उभे हात. कडांवर थर पातळ असतो, तिथे टेप लावा. दुहेरी थराच्या, म्हणजे रंग आणि त्यावर क्लिअर कोट अशा, रंगकामात पॅडवर रंग उतरला तर लगेच थांबा, क्लिअर कोट संपला आहे. काही पॉलिशमधलं तेल ओरखडे नुसतं झाकतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर खरं काय ते कळतं. मॅट रंगाला पॉलिश आणि मेण दोन्ही वर्ज्य.

कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते उन्हात टिकतं. त्याचा लेप अगदी पातळ असतो. तो पाणी आणि मळ चिकटू देत नाही, पण ओरखडे थांबवत नाही. जाड लावून काही मिळत नाही. जादा मेण पुसताना फरफटतं. एकेक भाग घ्या, धुरकट झाल्यावर बोट ओढून पाहा, खाली स्वच्छ चमक दिसली की पुसा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. कार्नोबा १ ते २ महिने टिकतं, कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा रासायनिक लेप, त्याहून बरंच जास्त.

पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले तरी लगेच मेणाचा नवा हात देऊ नका. मळाचा पातळ थरही हेच करतो. आधी नीट धुवा आणि पुन्हा पाणी टाकून पाहा.