आफ्रिका विभागातील साथरोग व आणीबाणी सर्वेक्षण

साथीचे उद्रेक आणि युद्ध, पूर, दुष्काळ यांतून ओढवणारी आरोग्यसंकटे वेळीच हेरण्याची, जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातील व्यवस्था. विभागाचे मुख्यालय ब्राझाव्हिल येथे आहे. पूर्वी प्रत्येक रोगाचा तक्ता वेगळा, तो मागवणारे कार्यालयही वेगळे असे. १९९८ मध्ये सदस्य देशांनी एकात्मिक रोग सर्वेक्षण व प्रतिसाद ही पद्धत स्वीकारली आणि नोंदी एका वाटेने जाऊ लागल्या : आरोग्य केंद्र, जिल्हा, मंत्रालय.

साप्ताहिक अहवालात रुग्ण नसला तरी शून्य लिहावेच लागते. रकाना कोरा राहिला, तर आजार नव्हता की कळवणारा कर्मचारीच नव्हता, ते कळत नाही. पटकी किंवा इबोलाचा नुसता संशय आला तरी आठवडा संपण्याची वाट न पाहता कळवायचे असते.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त (मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह) कोरड्या हंगामात ही पद्धत कसाला लागते. आठवड्यात लाख लोकांमागे ३ संशयित रुग्ण झाले की इशारा, १० झाले की साथ, असा मध्यम लोकसंख्येच्या जिल्ह्यांसाठीचा दंडक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस २०१० पासून बुर्किना फासोतून सुरुवात करून दिली गेली आणि ‘ए’ गटाचा जंतू जवळजवळ हटला. सर्वेक्षणाचे काम मात्र त्यामुळे वाढले. नायजरमध्ये २०१५ साली ‘सी’ गटाची मोठी साथ आली. म्हणजे नुसती रुग्णसंख्या मोजून भागत नाही, पाठीतले पाणी काढून जंतूचा गट ठरवल्याशिवाय कोणती लस मागवायची हेच ठरत नाही. पाच गटांवरची एकत्रित लसही सीरमचीच. ती २०२४ मध्ये सर्वप्रथम नायजेरियाने वापरली.

व्यवस्थेचे सर्वांत महागात पडलेले अपयश म्हणजे इबोला. गिनीच्या जंगलपट्टीत डिसेंबर २०१३ च्या सुमारास सुरू झालेला आजार ओळखला गेला तो मार्च २०१४ मध्ये. पुढे पश्चिम आफ्रिकेत ११,००० हून अधिक माणसे दगावली.

निर्वासितांच्या छावणीत दवाखान्याची नोंदवही पुरत नाही. तेथे मृत्युदर पाहतात : दर १०,००० लोकांमागे दिवसाला १ मृत्यू ही आणीबाणीची खूण, पाच वर्षांखालील मुलांत २. पण शिधा कमी होईल या भीतीने कुटुंबे मृत्यू लपवतात, म्हणून ताज्या कबरी मोजण्याचाही मार्ग धरावा लागतो.

विभागाच्या सीमा कागदी आहेत, ही अडचण उरतेच. सुदान संघटनेच्याच, कैरो येथे मुख्यालय असलेल्या पूर्व भूमध्य विभागात मोडतो. दक्षिण सुदान आणि चाड ब्राझाव्हिलकडे. सुदानमधील २०२३ च्या युद्धानंतर लाखो लोक या सीमा ओलांडून आले. दक्षिण सुदानने ऑक्टोबर २०२४ मध्ये पटकीची साथ जाहीर केली ती सरहद्दीजवळच्या रेंकमध्ये. २०१७ मध्ये सुरू झालेले, अदिस अबाबा येथील आफ्रिका सीडीसी हे रोगनियंत्रण केंद्र आफ्रिकी देशांच्या संघटनेचे, म्हणजे आफ्रिकन युनियनचे असल्याने सीमेच्या दोन्ही बाजू त्याच्या कक्षेत येतात.