मानेवरचा तो मळ नव्हे

चोपडा तालुक्यातील एका लग्नघरी, हळदीच्या दिवशी, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची मान तिची मावशी बेसन आणि लिंबाने घासत असलेली मी पाहिली. मानेच्या मागील बाजूस, वळ्यांमध्ये, त्वचा जाडसर आणि मखमलीसारखी काळपट झाली होती. कोणी तिला मळ म्हणत होते, कोणी उन्हाचा परिणाम, तर एका आजीबाईंनी दृष्ट काढण्यास सांगितले. हा काळेपणा घासून जात नाही, कारण तो बाहेरून साचलेला नसतो. बहुतेक वेळा ती रक्तातील इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोहोचवणारे स्वादुपिंडाचे संप्रेरक, दीर्घकाळ वाढलेले असल्याची खूण असते. अशा मुलींची रक्तशर्करा तपासली तर ती अनेकदा योग्य मर्यादेत आढळते, आणि तेवढ्यावर घरातील मंडळी निर्धास्त होतात.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला आणि पुढे कित्येक वर्षे मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, असेच समीकरण होते. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली दाखवून दिले की काही रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दादच देत नाही; यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. १९६० साली रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात ते कमी नव्हे तर जास्त आढळले.

असे का होते, हे स्नायूच्या पेशीत पाहावे. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टर), चिकटते. मग आतील प्रथिनांवर एकामागून एक फॉस्फेट गट बसत संदेश पुढे सरकतो, आणि शेवटी पेशीच्या पोटात साठवलेल्या सूक्ष्म पिशव्या पृष्ठभागाकडे निघतात. या पिशव्यांच्या आवरणात ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने असतात. पिशवी पृष्ठभागाशी एकरूप झाली की ती प्रथिने तेथे उघडी होतात आणि त्यांच्यातून ग्लुकोज आत शिरते. स्नायूत चरबीचे काही घटक साचले की संदेशाची ही साखळी अगदी सुरुवातीलाच अडते, असे संशोधनातील एक प्रमुख मत आहे. पिशव्या जागच्या जागी राहतात, साखर रक्तात थांबते आणि स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडू लागते.

येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केळीच्या शेतात ठिबकच्या एका पट्ट्यातील ड्रीपर क्षारांनी चोंदले आणि शेतकऱ्याने ते साफ न करता पंपाचा दाब वाढवला, तर त्या पट्ट्याला कसेबसे पाणी मिळेल. पण जेथील ड्रीपर मोकळे आहेत तेथे पाणी साचून मुळे कुजतील. शरीरातही हेच होते, कारण इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्व अवयवांत आणि इन्सुलिनच्या सर्व कामांत सारखा नसतो. त्वचेच्या पेशींना वाढलेले इन्सुलिन वाढीचाच संदेश देते, म्हणून मान जाड आणि काळी होते. अंडाशय पुरुषी संप्रेरके अधिक बनवते. पाळी लांबणे, हनुवटीवर केस येणे, म्हणजे ‘पीसीओएस’ हा अंडाशयाशी निगडित विकार, याच्याशी प्रतिरोधाचे नाते येथे जुळते. मूत्रपिंड अधिक सोडियम राखून ठेवते आणि रक्तदाब वाढण्यास हातभार लागतो. यकृताची गोष्ट तर विलक्षण आहे: तेथे इन्सुलिनचा ‘साखर बनवू नकोस’ हा हुकूम मानला जात नाही, पण ‘चरबी बनव’ हा हुकूम मात्र पाळला जातो. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी २००८ साली हा विरोधाभास नेमकेपणाने मांडला. चरबीयुक्त यकृत आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड्स ही वाढलेली चरबी यांचे एक मूळ येथे आहे.

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ हा दिलासाही पुरेसा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपल्याकडे सडपातळ माणसाच्या कंबरेचा घेर म्हणूनच मोजायला हवा.

‘मधुमेह मुळासकट घालवणारी’ चूर्णे आठवडे बाजारापासून मोबाइलपर्यंत सर्वत्र विकली जातात. ती विकणाऱ्याला यातील एकाही अवयवाचे नाव सांगावे लागत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद केलेल्या माणसाचे नुकसान भरून निघत नाही.

स्नायूकडे मात्र एक दुसरी वाट आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ‘ग्लुट-४’च्या पिशव्या इन्सुलिनच्या संदेशाविनाही पृष्ठभागावर येतात, आणि ही वाट प्रतिरोध असलेल्या माणसातही बहुतांशी शाबूत असते. रावेरच्या शिवारात खांद्यावर केळीचा घड घेऊन बांधावरून चालणाऱ्या मजुराच्या मांड्यांत ती दर पावलाला उघडते. भरीत-भाकरीच्या जेवणानंतर अर्धा तास भरभर चालणाऱ्याच्या पायांतही तीच उघडते. स्वादुपिंडावरचा ताण त्यामुळे उतरतो, रक्तातील इन्सुलिन हळूहळू खाली येते, आणि काही महिन्यांनी मानेवरची ती काळी त्वचाही अनेकदा फिकी पडू लागते.