विरलंय तेव्हाच आणा, फाटेपर्यंत थांबू नका

नमस्कार. आमच्या फोंड्याच्या दुकानात नवीन शिलाईपेक्षा रफू, आल्टरेशन आणि दुरुस्तीच जास्त येते, आणि येणाऱ्या सगळ्यांना एकच सांगायचं असतं म्हणून हे पत्रक काढलंय. कपडा विरला की आणा. विरलेल्या जागी अजून धागे शिल्लक असतात, रफू त्यांच्याच आधारावर धरतं, भोक पडलं की मग ठिगळ आलं आणि ते दिसणारच.

जीन्सचंच बघा. मांडीच्या आतल्या बाजूला घासून घासून निळे उभे धागे आधी जातात आणि खालचे पांढरे आडवे धागे दिसायला लागतात, नेमकी हीच वेळ! आतून पातळ सुती कापड लावायचं आणि वरून निळ्या दोऱ्याने उभ्या धाग्यांच्या दिशेनेच मशीन मागेपुढे चालवायची, चार हातांवरून कळतसुद्धा नाही. आतला तुकडा आम्ही चारी बाजूंनी इंचभर मोठा घेतो कारण कडेचा कपडाही कच्चा झालेला असतो, परत फाटतं ते तिथूनच. बरेच जण जाड जीन्सचाच तुकडा लावा म्हणतात, आम्ही नको म्हणतो, जाड तुकड्याची कड बाजूच्या विरलेल्या कापडाला कापते. दोऱ्याचंही तेच, जुन्या कॉटनला नायलॉनचा दोरा घातला तर दोरा टिकतो आणि कपडा जातो.

शर्टची कॉलर घडीवर झिजली तर शर्ट टाकू नका, कॉलर उसवून उलटी करून परत बसवता येते, खालची बाजू बहुतेक वेळा कोरीच असते.

चेन बिघडली की लोक अख्खी चेन बदलायला सांगतात. दात शाबूत असतील तर नुसता रनर, म्हणजे दातांवरून सरकणारा भाग, बदलून काम होतं, खर्चही कमी. समुद्रावर घातलेले कपडे मात्र घरी आल्यावर गोड्या पाण्यातून काढा, मिठाने मेटलची चेन आखडते. आखडलीच तर दातांवर मेणबत्ती घासून बघा.

रेयॉनच्या कुर्त्या ओल्या असताना खूप कमजोर होतात, पिळू नका, काखेतली शिवण तशीच सरकते. आणि आपल्याकडच्या पावसात अर्धवट सुकलेलं सुती कापड कपाटात ठेवलं की बुरशी येते, ती नुसता डाग पाडत नाही, धागाच खाते.

आईआजीच्या रेशमी साड्यांची घडी अधूनमधून बदला, एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते. रेशीम हाताला कागदासारखं लागत असेल तर आम्ही रफू घेत नाही, सुई घातली की पुढे फाटतं. काठ आणि पदर चांगले असतील तर त्यांची ओढणी किंवा ब्लाऊज छान होतो, तसं सांगू.

कपडा धुऊन आणा, पण फाटलेला तसाच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आधी दोन हातटाके घाला. दर काम बघूनच सांगतो, पटलं तरच ठेवा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी नवीन कपड्यांची गर्दी असते आणि रफू हे हाताचं काम, घाईत नीट होत नाही, म्हणून पावसाच्या सुरुवातीलाच कपाट बघून घ्या आणि सुटलेलं बटण सापडत असेल तर तेही पिशवीत घाला.