ओशट डबा आणि पेशीचं पटल

वांग्याची रस्साभाजी नेलेला प्लॅस्टिकचा डबा घासून बघा. साबण लावा, गरम पाणी ओता, पुन्हा घासा. बोट फिरवलं की ओशटपणा तसाच, आणि हळदीचा डाग तर कायमचा मुक्कामाला. शेजारचा स्टीलचा डबा मात्र एका हातात लख्ख! कारण प्लॅस्टिक आणि तेल एकाच गोत्रातले. दोघांचीही घडण मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांची, दोघांचंही पाण्याशी वाकडं. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाच्या संगतीनं डब्याच्या अंगात मुरतो.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं पटलही याच गोत्रातलं आहे. आपण त्याला कुंपण समजतो, पण ते असतं जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं स्निग्ध पापुद्र्यासारखं. आपला केस त्याच्या दहा हजार पट तरी जाड. त्यातल्या फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून रेणूंचे दोन थर शेपट्या आत वळवून समोरासमोर बसतात. बाहेर पाणी, आत पाणी, मध्ये तेलाची फट.

गेल्या उन्हाळ्यात ऐरोलीच्या बाजूनं ओहोटीच्या वेळी ठाणे खाडी पाहत होतो. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली आणि बहुतेकांना पिशव्यांच्या चिंध्या अडकलेल्या. एक ओढली, तर चिमटीतच पापडासारखी चुरली. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडतात, लाटा उरलेलं काम करतात. ५ मिलिमीटरच्या खालचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. तोच झिजत १ मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, खाली गेला की त्याला नॅनोप्लॅस्टिक म्हणतात. २०२२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ जणांचं रक्त तपासलं, तर १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडलं.

असा कण पटलाला भेटला की काय होतं, ते त्याच्या आकारावर ठरतं. पॉलिस्टायरीनच्या (थर्मोकोल ज्याचा बनतो त्या प्लॅस्टिकच्या) काही नॅनोमीटरच्या कणांची गाठ पटलाशी संगणकावर घालून पाहिली गेली, २०१४ मध्ये. कण मधल्या तेलकट भागात सहज शिरले आणि तिथे सुटे झाले. त्यांच्या साखळ्या शेपट्यांमध्ये पसरल्या, पटल मऊ पडलं, रेणूंची हालचाल मंदावली. डब्यात हळद मुरते तसंच, फक्त उलट्या बाजूनं.

मला जास्त अस्वस्थ करतात ते मोठे कण, १ ते १० मायक्रोमीटरचे. ते आत शिरत नाहीत, नुसते चिकटतात. एका पांघरुणात तिघं झोपलेत आणि एकानं ते अंगाभोवती गुंडाळून घेतलं, तर बाकीच्यांच्या वाट्याचं पांघरूण ताणलं जाणारच. पटलाचंही तेच होतं. कणाला बिलगण्यात त्याचा काही भाग खर्ची पडतो आणि उरलेलं ताठ होतं. त्यातून हे पटल शेकडा चार-पाचच्या पलीकडे ताणलं की फाटतं. फ्लरी आणि बाऊलिन या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हा ताण माणसाच्या तांबड्या पेशींवर दाखवून दिला. त्यासाठी कुठलं विष लागलं नाही की रासायनिक क्रिया. तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जाते. तिची सगळी मदार पटलाच्या लवचिकपणावर.

अर्थात रक्तात कण उघडा राहत नाही. क्षणात त्याच्यावर प्रथिनांचा लेप चढतो, आणि पुढे पेशी भेटते ती त्या लेपाला. काही पेशी तर पटलाची खोबण करून कण स्वतःच गिळतात. प्रयोगशाळेतले कण बहुधा विकत आणलेले, पॉलिस्टायरीनचे, गुळगुळीत आणि गोल असतात. मोजायला ते सोयीचे, पण मला वाटतं, उन्हातान्हात झिजलेल्या प्लॅस्टिकवरचे प्रयोग आता जास्त हवेत. ऐरोलीला माझ्या चिमटीत आलेल्या त्या चुऱ्यात गोल असं काहीच नव्हतं.